कृपेचे द्वार आणि दारावरचा माणूस



चंडीगडच्या ज्या सेक्टर ३० मध्ये उत्तरेकडील माजी विद्यार्थ्यांचा हा स्नेहमेळावा भरला आहे, त्याच सेक्टरमध्ये केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेचे आवार आहे. १९५९ साली दिल्लीत स्थापन झालेली ही संस्था १९६२ साली चंडीगडला आली. उपकरणशास्त्राचा पहिला धडा असा, की मोजणाऱ्या उपकरणाचीच आधी तपासणी व्हावी लागते. तराजूचा काटा मुळात एका बाजूला झुकलेला असेल, तर त्यात घातलेले प्रत्येक माप खोटे ठरते. दोष मालाचा नसतो, तराजूचा असतो. पण शिक्षा मात्र मालाला होते.

आजच्या विषयाचे सारे मर्म या साध्या धड्यात आहे. ज्यू समाजाच्या प्रार्थनास्थळांच्या आणि संस्थांच्या दारावर स्वेच्छेने पहारा देणाऱ्या माणसांनी कोणते नीतिनियम पाळावेत, हा तो विषय. दारावर उभा असलेला स्वयंसेवक हेही एक उपकरणच आहे. येणाऱ्या प्रत्येकाकडे पाहून तो क्षणभरात निर्णय करतो: हा आपला, हा परका, याला आत सोडावे, याला थांबवावे. त्याचा काटा शून्यावर आहे की नाही, हे कोण पाहणार?

मराठी माणसाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्याशी फुटले आणि वाचलेली मोजकी जोडपी कोकणातल्या गावांत विसावली. त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला आणि लोकांकडून ‘शनिवार तेली’ हे नाव मिळवले. गावावरून आडनावे घेतली: दिवेकर, केहिमकर, राजपूरकर, चेऊलकर. घरात मराठी बोलली, धर्मग्रंथांचे अर्थ मराठीत लावले, एलियाहू हनाबीच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा केला. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकरांच्या पुढाकाराने मुंबईत या समाजाची शाळा सुरू झाली. पुढे ती सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. रिबेका रूबेन यांच्यासारख्या विदुषीने मुख्याध्यापिका म्हणून ती दीर्घकाळ सांभाळली. एखाद्या शाळेच्या हीरकमहोत्सवात या नावांचे स्मरण व्हावे, हे उचितच आहे.

या समाजाच्या महाराष्ट्रातील इतिहासाचे एक वैशिष्ट्य असे, की शेकडो वर्षे त्यांच्या दारावर पहारेकऱ्याची गरजच पडली नाही. युरोपात ज्यूंच्या वस्त्यांभोवती भिंती उभ्या राहत होत्या, त्या काळात अलिबागच्या इस्रायल आळीत शेजाऱ्याच्या घरी जाताना कोणी कोणाला धर्म विचारत नव्हते. पुण्यात डेव्हिड ससून यांनी बांधवलेले आणि १८६७ साली पूर्ण झालेले ओहेल डेव्हिड सिनेगॉग पुणेकरांनी सरळ ‘लाल देऊळ’ करून टाकले. दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळाला आपल्या घरातला शब्द देण्याइतकी जवळीक होती, म्हणून हे नाव रुजले.

ही स्थिती २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री बदलली. कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये, म्हणजे छाबाड हाऊसमध्ये, दहशतवादी शिरले. तेथील रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांच्या पत्नी रिव्का आणि आणखी चार जण मारले गेले. इमारत सोडवताना राष्ट्रीय सुरक्षा दलाचे हवालदार गजेंद्र सिंह यांना वीरमरण आले. तेव्हापासून मुंबई-पुण्यातील सिनेगॉगच्या बाहेर पोलीस असतात, आत जाण्यापूर्वी ओळखपत्र दाखवावे लागते आणि सणाच्या दिवशी समाजातील तरुणही दारावर उभे राहतात. या दक्षतेला कोणी नावे ठेवू नयेत. ज्याच्या घरी आग लागून गेली आहे, त्याला काडीपेटी जपून ठेवण्याबद्दल हसणे हा निर्दयपणा आहे.

परंतु त्याच रात्रीने स्वयंसेवकाच्या नीतीचा पहिला नियमही शिकवला आहे, आणि तो नीट वाचला पाहिजे.

हल्ल्यापूर्वी मुंबईतील ठिकाणांची पाहणी करून गेलेला माणूस होता डेव्हिड हेडली. त्याचे मूळ नाव दाऊद गिलानी. २००६ साली त्याने नाव बदलले. हाती अमेरिकेचे पारपत्र, वर्ण गोरा, उच्चार अमेरिकी. नरिमन हाऊस त्याच्या पाहणीतील एक ठिकाण होते. आता हल्ल्याच्या वेळी त्या इमारतीत आतल्या बाजूला कोण होते, ते पाहावे. दोन वर्षांच्या मोशेचा सांभाळ करणारी सँड्रा सॅम्युएल ही ख्रिस्ती बाई आणि तेथे काम करणारा काझी झाकिर हुसेन हा मुसलमान तरुण. गोळीबार सुरू झाल्यावर ही दोघे एका खोलीत लपून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाची हाक ऐकून सँड्रा वर गेली, आईवडिलांच्या निश्चेष्ट देहांजवळ उभे असलेले ते मूल तिने उचलले आणि ती दोघे त्याला घेऊन बाहेर पडली.

दारावरच्या माणसाने चेहरा, नाव आणि धर्म पाहून निवाडा केला असता तर काय झाले असते? हेडलीला नमस्कार करून आत सोडले असते आणि झाकिर हुसेनला रस्त्यावर थांबवले असते. म्हणून पहिला नियम असा: संशय वर्तनावर घ्यावा, माणसाच्या जातकुळीवर नव्हे. एखादा माणूस दारांचे आणि कॅमेऱ्यांचे फोटो काढतो आहे, वारंवार येऊन प्रवेशाच्या वेळा विचारतो आहे, उन्हाळ्यात जड कोट घालून आला आहे, बेवारस पिशवी ठेवून निघाला आहे, ही विचारपूस करण्याची कारणे आहेत. दाढी, टोपी, बुरखा, आडनाव ही कारणे नव्हेत. हा नियम उदार मनाचा आहे म्हणून पाळायचा, असे कोणी समजू नये. तो पाळला नाही तर पहाराच आंधळा होतो.

दुसरा नियम आतिथ्याचा. ज्यू परंपरेत अब्राहामचा तंबू वाटसरूंसाठी उघडा असल्याची कथा आहे आणि पाहुण्याचे स्वागत हे पुण्यकर्म मानले आहे. त्याच परंपरेत जीव वाचवण्यासाठी शब्बाथचे नियमही बाजूला सारावेत, असा दंडक आहे. हे दोन आदेश दारावरच्या माणसाच्या मनात रोज एकमेकांसमोर उभे राहतात. अमेरिकेतील टेक्सास राज्यात, कॉलीव्हिल गावी, १५ जानेवारी २०२२ रोजी नेमके हेच घडले. शनिवारच्या प्रार्थनेपूर्वी एक अनोळखी माणूस आश्रय मागत आला. रब्बी चार्ली सायट्रन-वॉकर यांनी त्याला आत घेतले आणि चहा करून दिला. त्याच माणसाने पुढे पिस्तूल काढून रब्बींसह चौघांना ओलीस धरले. सुमारे अकरा तासांनी रब्बींनी त्याच्यावर खुर्ची फेकली आणि उरलेले ओलीस त्यांच्यासह दाराबाहेर पडले. संकटात कसे वागावे याचे प्रशिक्षण त्यांनी पूर्वी घेतलेले होते.

यातून ‘अनोळख्याला चहा देऊ नये’ असा धडा काढणे सोपे आहे, पण तो चुकीचा आहे. रब्बींकडे दोन गोष्टी होत्या: पाहुण्याला चहा देण्याचे मन आणि संकटातून निसटण्याची तयारी. पहिलीच्या बदल्यात दुसरी मिळत नाही. दोन्ही एकाच माणसात असाव्या लागतात. शिवाय एक गोष्ट लक्षात ठेवावी. चुकून आत घेतलेल्या माणसाची बातमी होते, चुकून परत पाठवलेल्या माणसाची होत नाही. तो खाली मान घालून निघून जातो आणि पुन्हा येत नाही. तराजूची ही चूक कोणत्याही वहीत नोंदली जात नाही, म्हणून ती वाढत जाते. ज्यांना थांबवले, त्यांची संख्या आणि थांबवण्याचे कारणही चांगल्या पहाऱ्याने लिहून ठेवावे आणि महिन्याकाठी ते पुन्हा वाचून पाहावे.

तिसरा नियम मर्यादेचा. स्वयंसेवक पोलीस नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार सामान्य नागरिकालाही काही प्रसंगी अटक करता येते. पण आपल्या डोळ्यांसमोर दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा घडत असेल किंवा समोरचा माणूस घोषित गुन्हेगार असेल तरच, आणि अशा माणसाला विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेने दिला आहे. त्यालाही बचावासाठी आवश्यक तेवढ्याच बळाची सीमा आहे. संशयावरून कोणाला कोंडून ठेवणे, मोबाईल हिसकावून तपासणे, अंगाची जबरदस्तीने झडती घेणे हे पहाऱ्याचे अधिकार नाहीत. स्वयंसेवकाचे काम चार क्रियापदांत सांगता येईल: पाहणे, कळवणे, दार लावणे, आतल्यांना बाहेर काढणे. याहून मोठे शौर्य एखाद्या क्षणी त्याच्याकडून घडलेही, पण त्याची हौस बाळगून त्याने दारावर येऊ नये.

हे चार शब्द क्षुल्लक वाटू नयेत. १५ फेब्रुवारी २०१५ च्या मध्यरात्रीनंतर कोपनहेगनच्या सिनेगॉगबाहेर डॅन उझान हा सदतीस वर्षांचा स्वयंसेवक उभा होता. आत एका मुलीच्या वयात येण्याचा सोहळा चालला होता. उझानजवळ शस्त्र नव्हते. हल्लेखोराने त्याला ठार केले, दोन पोलिसांना जखमी केले, पण आतल्या सोहळ्यापर्यंत तो पोहोचू शकला नाही. जर्मनीतील हाले शहरात ९ ऑक्टोबर २०१९ रोजी, योम किप्पूरच्या दिवशी, सिनेगॉगच्या बंद दारावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते दार उघडले नाही. आतले सुमारे पन्नास जण वाचले.

मात्र हालेची कथा येथे संपत नाही. दार उघडेना, तेव्हा हल्लेखोराने रस्त्याने जाणाऱ्या एका स्त्रीला मारले आणि पुढे एका खाद्यगृहात शिरून एका तरुणाला. ती दोघे त्या समाजाची नव्हती. ती केवळ दाराच्या बाहेर होती. म्हणून चौथा नियम असा, की पहारेकऱ्याच्या जबाबदारीत रस्त्यावरचा माणूसही येतो. समोरचा चहावाला, शेजारच्या शाळेतून सुटणारी मुले, फुटपाथवर झोपणारा मजूर, यांना धोक्याची सूचना पोहोचण्याची सोय आहे का, हा प्रश्न सुरक्षेच्या आराखड्यात असलाच पाहिजे. भायखळ्याच्या मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात ससूनांच्या नावाची शाळा आहे आणि तिच्यात बहुसंख्येने मुसलमान मुले शिकतात. तेथे ‘आपल्यांचे रक्षण’ आणि ‘इतरांचे रक्षण’ अशी वाटणी करू गेले, तर रेघ ओढायची कुठे?

पाचवा नियम गुप्ततेचा. दारावरच्या वहीत येणाऱ्यांची नावे, पत्ते, फोन क्रमांक असतात. कॅमेऱ्यात चेहरे असतात. प्रार्थनेला कोण येतो आणि कोण येत नाही, कोणाबरोबर येतो, ही माहिती सुरक्षेसाठी घेतलेली असते. ती लग्न जुळवण्यासाठी, वर्गणी मागण्यासाठी किंवा गप्पांसाठी नसते. ठराविक मुदतीनंतर ती नष्ट करावी. त्याचप्रमाणे पहाऱ्याच्या वेळा, प्रवेशाची व्यवस्था, स्वतःचे फोटो व्हॉट्सॲपच्या गटांवर टाकून मिरवू नये. मिरवलेला पहारा हा शत्रूला दिलेला नकाशा ठरतो.

सहावा नियम नाजूक आहे, पण टाळता येत नाही. सिनेगॉग म्हणजे कोणत्याही देशाचा दूतावास नव्हे. इस्रायलच्या राजकारणाविषयी जगात तीव्र मतभेद आहेत. ज्यू समाजातही ते आहेत. दारावरच्या माणसाने येणाऱ्याचे मत तपासू नये आणि सार्वजनिक रस्त्यावर शांतपणे फलक धरणाऱ्याला हल्लेखोर समजू नये. उलट, दूरच्या देशातील रागाचा सूड अलिबागच्या किंवा ठाण्याच्या वृद्ध उपासकावर उगवू पाहणाऱ्याला थांबवणे, हेच त्याचे काम. रक्षण जीवांचे करायचे आहे, मतांचे नव्हे.

आता या सर्वांच्या मुळाशी असलेला प्रश्न: दारावर उभे राहायचे कोणी? ज्यू परंपरेत सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. १९४८ नंतर बेने इस्रायल कुटुंबे मोठ्या संख्येने इस्रायलला गेली. रायगड जिल्ह्यातील जुन्या सिनेगॉगमध्ये दहा माणसे जमवणे हेच अवघड झाले आहे. अशा ठिकाणी अकरावा नसेल, तर दारावर जाणारा माणूस दहातून वजा होतो आणि आतली प्रार्थनाच अडते. सुरक्षेची ही किंमत मोठ्या शहरांतील जाणकारांच्या लक्षात येत नाही. छोट्या गावातल्या वृद्धाला मात्र ती दर शुक्रवारी संध्याकाळी मोजावी लागते.

हे कोडे शेजारीच सोडवू शकतो. कोलकात्याच्या सिनेगॉगची निगा मुसलमान कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या राखली आहे. कोपनहेगनच्या घटनेनंतर आठवडाभरात, २१ फेब्रुवारी २०१५ रोजी, नॉर्वेतील ओस्लोच्या सिनेगॉगभोवती मुसलमान तरुणांच्या पुढाकाराने हजाराहून अधिक माणसांनी हात धरून कडे केले. आणि या पंजाबच्या भूमीला तर हे नव्याने सांगण्याची आवश्यकताच नाही. दुसऱ्याच्या धर्मस्वातंत्र्यासाठी गुरू तेगबहादूर यांनी १६७५ साली दिल्लीत बलिदान दिले, ही आठवण येथल्या मातीत मुरलेली आहे.

परंतु शेजाऱ्याच्या पहाऱ्यालाही नीती हवी. जो दुसऱ्याचे घर राखतो, त्याने त्या घराचा मालक होऊ नये. आत काय चालते याची चौकशी करू नये, शब्बाथच्या दिवशी दारात फोनवर मोठ्याने बोलू नये, उपकाराची भाषा काढू नये. कोणी बोलावले नसता रक्षक म्हणून उभे राहू नये आणि थांबण्याची विनंती झाल्यावर रेंगाळू नये.

शेवटचा नियम हा पहिल्या उदाहरणाकडे परत नेतो: तपासणाऱ्याची तपासणी. स्वयंसेवकाची पूर्वमाहिती घ्यावी. त्याला एकट्याने नव्हे, जोडीने उभे करावे. स्त्रियांनाही पहाऱ्यात घ्यावे, कारण स्त्रियांशी विचारपूस स्त्रीनेच केलेली बरी. पाळ्या बदलत राहाव्यात, कारण थकलेला डोळा एकतर काहीच पाहत नाही किंवा नसलेले पाहतो. आणि ज्याला दारावर अपमान सोसावा लागला, त्याला तक्रार करता येईल अशी व्यक्ती नेमलेली असावी. ती त्या पहाऱ्याची प्रमुख नसावी. ब्रिटनमध्ये १९९४ पासून चालणाऱ्या कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्टने स्वयंसेवकांना शिकवून, पोलिसांच्या सहकार्याने हे काम शिस्तीत बसवले. चांगल्या हेतूला शिस्तीची जोड नसेल, तर हेतू चांगला राहतोच असे नाही.

पालकांनी हा विषय शाळेच्या फाटकाशीही ताडून पाहावा. तेथे उभा असलेला शिपाई रोज हाच निवाडा करतो. मुलाला न्यायला आलेल्या ओळखीच्या गृहस्थालाही चिठ्ठी मागणारा शिपाई उद्धट नसतो. तो सर्वांना चिठ्ठी मागतो, म्हणून न्यायी असतो. मळक्या कपड्यांतल्या बापाला बाहेर ताटकळत ठेवून मोटारीतून आलेल्याला सलाम करणारा शिपाई मात्र मुलांना एका क्षणात जो धडा देतो, तो वर्षभराच्या नागरिकशास्त्राने पुसला जात नाही.

मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधले. दिवेकर हे पेशाने सैनिक होते. म्हैसूरच्या युद्धात त्यांनी कैद भोगली होती. परक्याच्या हाती सापडण्याची भीती काय असते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरी त्या सैनिकाने उभारलेले ते प्रार्थनास्थळ आज ‘शआर हारहमीम’ या नावाने ओळखले जाते. त्याचा अर्थ, कृपेचे द्वार. दारावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने, तो कोणत्याही धर्माचा असो, आपण कोणत्या नावाच्या दाराशी उभे आहोत, हे ध्यानात ठेवले की बाकीचे नियम पाठ करावे लागणार नाहीत.